माउलबेर्चला ‘काळाच्या पुढे’ ढकलू नका

एखाद्या चित्रकाराचं कौतुक करायचं आहे, पण नेमकं काय आवडलं ते सांगता येत नाही, अशा वेळी मराठीत एक वाक्य कायम हाताशी असतं: ‘तो काळाच्या पुढे होता.’ युरोपातही ही खोड आहेच. अठराव्या शतकात चर्चची आणि वाड्यांची छतं रंगवून व्हिएन्नात नावारूपाला आलेला फ्रान्झ आंतोन माउलबेर्च गेली शंभर वर्षं या एका वाक्याखाली दबून गेला आहे. २०२४मध्ये त्याच्या जन्माला ३०० वर्षं झाली, तरी वाद जिथल्या तिथे आहे. एक बाजू म्हणते, हा बरोकच्या, म्हणजे त्या काळच्या नाट्यमय, भरजरी शैलीच्या वेषातला विसाव्या शतकाचा एक्स्प्रेशनिस्ट, म्हणजे दिसतं तसं न काढता भावना तीव्र करून काढणारा चित्रकार. त्याच्या तुटक रेषा, फाटलेल्या ढगांतून येणारा उजेड, वेड्यावाकड्या मुद्रा बघा. दुसरी बाजू म्हणते, खरं आहे, पण फक्त पंचेचाळिशीपर्यंत. पुढे त्याने दरबारापुढे आणि बिशपांपुढे मान तुकवली, रंग निवळले, आकृत्या शिस्तीत उभ्या केल्या आणि स्वतःची प्रतिभा विकून खाल्ली. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण दोघींच्या हातातली मोजपट्टी एकच आहे आणि ती १९१०च्या आसपास तयार झालेली आहे. माझं म्हणणं असं की माउलबेर्चची मोकळी शैली आणि पुढची संयत शैली, दोन्ही एकाच धंद्यातून आल्या. ओल्या चुन्यावर, करारातल्या मुदतीत, दुसऱ्याने ठरवून दिलेला विषय, पंधरा-वीस मीटर खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसेल असा रंगवायचा, हा तो धंदा. तो समजून न घेता केलेली स्तुतीही वाया जाते आणि निंदाही.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. जून १७२४मध्ये बोडनसे सरोवराच्या काठी लांगेनआर्गेन या गावी जन्म. वडील आंतोन हेही चित्रकारच. हे गाव तेव्हा मोंटफोर्ट सरदारांच्या ताब्यात होतं, आज ते जर्मनीत आहे. १७३९मध्ये, पंधराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला आला, तिथल्या कला अकादमीत शिकला आणि १७५०मध्ये मिनर्व्हा देवीच्या पायाशी अकादमी दाखवणाऱ्या चित्राला त्याला पहिलं बक्षीस मिळालं. १७५२-५३मध्ये व्हिएन्नातल्या पियारिस्ट पंथाच्या मारिया ट्रॉय चर्चचं छत, १७५७-५८मध्ये हंगेरीत श्युमेगचं अख्खं चर्च, १७५९मध्ये मोराव्हियात क्रोम्येझिझच्या बिशपवाड्यातलं मोठं दालन, १७७०-७१मध्ये हंगेरीतलं वात्सचं कॅथेड्रल, १७७५-७६मध्ये इन्सब्रुकच्या राजवाड्यातलं भव्य सभागृह, १७७८मध्ये झ्नोइमोजवळ लोउका मठाचं ग्रंथालय, १७८२-८३मध्ये हंगेरीतल्याच पापा या गावचं चर्च, १७९४मध्ये प्रागच्या स्ट्राहोव्ह मठाचं ग्रंथालय. ८ ऑगस्ट १७९६ रोजी तो व्हिएन्नात वारला. ‘ऑस्ट्रियन’ हे लेबल त्याच्या बाबतीत जन्मगावापेक्षा गिऱ्हाइकांच्या यादीवरून लागलेलं आहे. व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या मुलखात बांधकाम निघालं की हा तिथे परांचीवर. तो नक्की कुठल्या देशाचा यावरही भांडणं होतात, पण त्यात शिरण्यासारखं फारसं काही नाही.

आता ‘काळाच्या पुढे’वाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करून टाकतो. माउलबेर्चची १७५०च्या दशकातली छतं खरोखरच विलक्षण दिसतात. श्युमेगच्या चर्चमध्ये भिंती संपतात कुठे आणि चित्र सुरू होतं कुठे ते पटकन कळत नाही. मेंढपाळ बाळ येशूला भेटायला येतात त्या प्रसंगात तर माणसं अंधारातून अर्धीच बाहेर आलेली आहेत: एखाद्याचं कपाळ आणि नाक उजेडात, बाकीचा चेहरा तपकिरी धुरात. त्या घोळक्यात चित्रकाराने स्वतःलाही बसवून घेतलं आहे. लिंबासारखा आंबट पिवळा, वांगी जांभळा, हिरवट निळा हे रंग शेजारी शेजारी येऊन एकमेकांना टोचतात. पियारिस्ट चर्चचं छत ऑस्कर कोकोश्काने लहानपणीच पाहिलं होतं आणि मोठेपणी त्याने ते ऋण मोकळेपणाने मान्य केलं. एका मोठ्या एक्स्प्रेशनिस्ट चित्रकाराला तिथे आपला पूर्वज दिसला असेल तर त्याला खोटं म्हणणारे आपण कोण? शिवाय त्या पिढीने डोळे उघडले नसते तर माउलबेर्च आज फक्त पॅरिश चर्चांच्या माहितीफलकांवर उरला असता. एवढं सगळं कबूल.

पण पूर्वज दिसणं वेगळं आणि पूर्वज असणं वेगळं. त्याच वर्षांत एल ग्रेकोचंही हेच झालं. तीनशे वर्षं बाजूला पडलेला हा चित्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकाएकी ‘आधुनिक’ ठरला, आणि ज्यांना ते पटेना त्यांनी त्याच्या लांबट आकृत्यांसाठी डोळ्यांचा आजार शोधून काढला. द्रष्टा तरी म्हणायचं, नाहीतर रोगी. चित्रकार आपल्या काळातल्या गिऱ्हाइकासाठी, हाताशी असलेल्या सामानातून, विचार करून चित्र काढतो, ही साधी शक्यता दोन्ही बाजूंनी वगळली. माउलबेर्चच्या बाबतीत तेच चाललं आहे. म्हणून सामानापासूनच सुरुवात करू.

फ्रेस्को म्हणजे भिंतीवरचं कुठलंही चित्र, असा आपल्याकडे समज आहे. अजिंठ्याच्या चित्रांनाही सर्रास फ्रेस्को म्हणतात, पण ती कोरड्या गिलाव्यावर बंधक घालून केलेली आहेत, ती विद्या वेगळी. खऱ्या फ्रेस्कोत रंग नुसत्या पाण्यात कालवून ओल्या चुन्यावर लावतात. डिंक नाही, अंडं नाही, तेल नाही. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, वरच्या बाजूला कॅल्शियम कार्बोनेटची पातळ साय धरते आणि रंगाचे कण तिच्यात कायमचे अडकतात. कळीचा चुना पाण्यात विझवून खड्ड्यात निदान काही महिने, शक्यतो वर्षानुवर्षं मुरवावा लागतो. नीट न विझलेला खडा गिलाव्यात राहिला तर तो पुढे कधीतरी फुगतो आणि संताच्या गालावर खळगा पाडतो. आधी जाड वाळूचा खडबडीत थर, साधारण एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू. तो सुकला की पाणी मारून त्यावर बारीक वाळूचा शेवटचा थर, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. हा शेवटचा थर आज जेवढं रंगवून होईल तेवढ्याच जागेवर लावायचा. गवंड्याने थापी उचलल्यावर तासाभराने चुना रंग घेऊ लागतो आणि हवामानाप्रमाणे सहा ते आठ तास घेत राहतो. नंतर त्याचं तोंड मिटतं. संध्याकाळी उरलेला ओला गिलावा तिरपा कापून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या कडेला नवा तुकडा जोडायचा. छतावर तिरपा उजेड टाकला की हे सांधे आजही दिसतात.

या सहा-आठ तासांत काय काय बिघडू शकतं? ओला रंग गडद दिसतो आणि सुकल्यावर बराच फिका पडतो, त्यामुळे कालच्या निळ्याला आजचा निळा जुळेलच असं नाही. म्हणून रंग आधी पाणी शोषणाऱ्या कोरड्या तुकड्यावर लावून बघायचा. चुना अल्कधर्मी असल्यामुळे त्यात टिकणारे रंग मोजकेच: गेरू, पिवडी, उंबरसारख्या तपकिरी माती, हिरवी माती, कोळशाचा काळा आणि पांढऱ्यासाठी चुनाच. शिशाचा पांढरा तैलचित्रात राजा असतो, भिंतीवर तो काळा पडतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आलेला प्रशियन निळा दिसायला देखणा आणि भावाला परवडणारा, पण चुन्यात तो तपकिरी होऊन मरतो. उरतो तो स्माल्ट, म्हणजे कोबाल्टच्या काचेची पूड, आणि तोही भरभर लावला तरच धरतो. चूक झालीच तर दोन मार्ग: तो तुकडा खरवडून गिलाव्यापासून पुन्हा सुरुवात, नाहीतर सुकल्यावर चुन्याच्या पाण्यात किंवा सरसात रंग कालवून वरून डागडुजी. छत गळायला लागलं की हा वरचा रंग सगळ्यात आधी पापुद्रे सोडतो आणि भिंतीतले क्षार त्याच्याखालून पांढरे फुटून येतात.

आता या परिस्थितीत उभ्या असलेल्या माणसाची कल्पना करा. परांचीची फळी छतापासून साधारण उंचपुऱ्या माणसाएवढी खाली. मान मागे, हात वर, रंग कोपरापर्यंत ओघळतोय. मागे सरून बघायची सोय नाही, मागे सरला तर खालीच. एका वेळी त्याला दिसतं ते हातभर अंतरातलं चित्र, आणि बघणाऱ्याला दिसणार ते सगळं एकदम. अशा जागी बोटाएवढ्या फटकाऱ्यांनी काम करणं हा अंतःप्रेरणेचा उद्रेक आहे की अक्कलहुशारी? हिशेबच करून बघा. निरोगी डोळ्याला साधारण एक कलामिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातलं अंतर वेगळं दिसतं. वीस मीटर उंचीवर हे अंतर जवळजवळ सहा मिलिमीटर भरतं. म्हणजे त्याहून बारीक केलेलं काम जमिनीवरच्या माणसासाठी अस्तित्वातच नाही. पापण्यांचे केस काढत बसलेला चित्रकार ओल्या चुन्याचे तास देवाला वाहतोय, गिऱ्हाइकाला नाही. चेहऱ्याच्या एका बाजूला गेरूचा पट्टा, दुसरीकडे हिरव्या मातीचा, मध्ये नुसता चुना मोकळा सोडलेला: वर जवळून बघितलं तर घाव घातल्यासारखं, खालून बघितलं तर गोलाई.

यात नवीनही काही नव्हतं. आंद्रेआ पोत्सो हा जेझुइट चित्रकार १७०२च्या सुमारास व्हिएन्नात येऊन स्थिरावला आणि १७०९मध्ये तिथेच वारला. यथार्थदर्शनावरच्या, म्हणजे सपाट जागेवर खोली दाखवण्याच्या शास्त्रावरच्या, आपल्या ग्रंथाच्या शेवटी त्याने फ्रेस्को कसा करावा याच्या पायरीपायरीने सूचना छापल्या. शेवटचा थर गुळगुळीत केल्यावर ब्रशने वाळूचे कण पुन्हा उठवावेत, म्हणजे रंग जास्त चांगला धरतो, असं तो सांगतो. रवाळ पृष्ठभागावर फटकारा तुटकच उमटतो, तो सलग ओढताच येत नाही. वक्र छतावर आराखडा उतरवायची त्याची युक्ती तर बघण्यासारखी आहे. छताखाली दोऱ्यांचं चौकड्यांचं जाळं ताणायचं, बघणाऱ्याचा डोळा जिथे असेल तिथे दिवा ठेवायचा, आणि जाळ्याची सावली घुमटावर जशी वाकडी पडेल तशी गिरवून घ्यायची. त्या वाकड्या चौकटींमध्ये काढलेला हात जवळून लांबुळका, मोडका दिसणारच. छतांचे जवळून काढलेले फोटो बघून माउलबेर्चच्या ‘विकृत’ आकृत्यांवर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी आधी हा दिवा कुठे ठेवला होता ते विचारायला हवं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरोखर चांगला आहे. चुना तर सगळ्यांना सारखाच होता. दानिएल ग्रानने व्हिएन्नाच्या राजग्रंथालयाचा घुमट याच माध्यमात रंगवला आणि तो स्वच्छ, शांत, प्रत्येक आकृती सुटी असा आहे. ग्रेगोरिओ ग्वील्येल्मीने १७५५मध्ये विद्यापीठाच्या सभागृहाचं छत केलं तेही नीटनेटकं. मग माउलबेर्चच असा का? मान्य, चुना शैली ठरवत नाही. तो फक्त मर्यादा आखून देतो. त्या मर्यादेच्या एका टोकाला ग्रान उभा राहिला, दुसऱ्या टोकाला माउलबेर्च, आणि ही निवड त्याची होती. पण ती निवड त्याला सुचली कुठून? तो इटलीला गेल्याची नोंद नाही, पण इटली व्हिएन्नाला आलेली होती. पियात्सेत्ता आणि त्या वळणाच्या व्हेनिसकर चित्रकारांची चित्रं, त्यांवरून केलेले छाप, फेदेरिको बेन्कोव्हिचसारखा त्याच परंपरेतला चित्रकार खुद्द व्हिएन्नात, आणि रेम्ब्राँटचे एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून काढलेले छाप, संग्राहकांच्या घरोघर. चित्रकार पाउल ट्रोगर इटलीतून शिकून आलेला होता आणि १७५४ ते १७५७ तो अकादमीचा प्रमुखच होता. अंधार-उजेडाची ती भाषा तेव्हा अकादमीच्या पायरीवर बोलली जात होती. माउलबेर्चने ती सगळ्यांहून मोठ्या आवाजात बोलून दाखवली, हे त्याचं श्रेय, आणि ते लहान नाही. पण ज्या माणसाला सव्विसाव्या वर्षी अकादमी पहिलं बक्षीस देते आणि अठ्ठाविसाव्या वर्षी राजधानीतलं एक मोठं चर्च सोपवलं जातं, तो काळाच्या पुढे कसा? काळाने त्याला हारच घातला होता.

मग तैलरंगातली कच्ची चित्रं? ती तर हातात धरून बघायची, तिथे वीस मीटरचा हिशेब लागू होत नाही, आणि तरीही ती छतांपेक्षा जास्त मोकळी आहेत. हा मुद्दा सहज उडवून लावता येत नाही. हाच माझ्या मते एक्स्प्रेशनिस्ट पक्षाचा हुकमाचा पत्ता आहे. पण या चित्रांचं काम काय होतं ते बघा. साधारण हात-दीड हात लांबीच्या कॅनव्हासवर सगळी रचना, उजेड कुठून येतो, कुठला रंग कुठे, एवढं उतरवून ते गिऱ्हाइकापुढे ठेवायचं. बिशपने मान डोलावली की करार, आणि मग तेच चित्र परांचीवर नकाशासारखं वापरायचं. डाव्या कोपऱ्यातल्या देवदूताच्या बोटांचा निर्णय इथे घ्यायचाच नसतो. त्यात पुन्हा अशी कच्ची चित्रं जमवण्याचा शौक त्या काळीच होता. चित्रकाराचा ‘हात’ बघायला मिळतो म्हणून रसिक ती घेत. म्हणजे मोकळेपणाला बाजार होता. पुढे १९२३मध्ये व्हिएन्नात बेल्व्हेडेरच्या वाड्यात बरोक कलेचं संग्रहालय उघडलं. छत काही भिंतीला टांगता येत नाही, कच्ची चित्रं येतात. छतापर्यंत पोचायचं साधन भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर, वेगळा दिवा लावून, स्वयंपूर्ण कलाकृती म्हणून लागलं. ज्याने माउलबेर्च फक्त तिथे पाहिला, त्याला एक्स्प्रेशनिस्ट भेटला नसता तरच नवल.

या मोकळ्या हाताचा आणखी एक दुष्परिणाम झाला. फेलिक्स इव्हो लाइखर, फ्रान्झ सिग्रिस्ट, योझेफ विंटरहाल्डर ही मंडळी त्याच्या जवळपासची, त्याच वळणाची. ‘जेवढं बेभान तेवढं माउलबेर्चचं’ अशी कसोटी लावल्यामुळे त्यांची कितीतरी चित्रं याच्या नावावर चढली आणि मग अभ्यासकांना ती एकेक करून उतरवत बसावं लागलं. एकाच माणसाचा म्हणून ज्याचा गौरव चालला होता, तो तथाकथित अनन्य आत्मोद्गार चौघांना जमत होता!

माउलबेर्च वेडा होता, ही कुजबुजही याच घराण्यातली. त्या काळच्या व्हिएन्नात मानसिक आजाराची कागदोपत्री नोंद असलेला कलावंत हवाच असेल तर तो शिल्पकार फ्रान्झ क्झावर मेसरश्मिट. १७७४मध्ये त्याला अकादमीत प्राध्यापकपद नाकारलं गेलं ते ‘डोक्यातल्या गोंधळाचं’ कारण देऊन, आणि तसा अहवाल महाराणी मारिया थेरेसापर्यंत गेला होता. माउलबेर्चच्या मागे जे कागद आहेत ते करारांचे, हप्त्यांचे, मदतनिसांचे. तो सत्तरीपर्यंत हंगामामागून हंगाम वेळेवर परांचीवर चढत होता.

आता दुसरी बाजू, ‘विकला गेला’वाल्यांची. त्यांचंही खरं ते आधी घेऊ. १७७०नंतर माउलबेर्च बदलला यात शंका नाही. इन्सब्रुकच्या सभागृहाचं छत श्युमेगशेजारी ठेवा. ढग पांगलेत, उजेड सगळीकडे समान, आकृत्या गटागटाने उभ्या, कडेला टायरॉलची संपत्ती, म्हणजे गुरं, शिकार, खाणी, नीट ओळखता येतील अशा. मध्यभागी हॅब्सबर्ग आणि लोरेन या घराण्यांचं मीलन. काही ठिकाणी हे चित्र चक्क कंटाळवाणं आहे, हेही कबूल करतो. पण मारिया थेरेसाचा नवरा याच वाड्यात १७६५मध्ये वारला होता, आणि त्या जागी घराण्याचं अखंडत्व दाखवणारं छत तिला हवं होतं. कोण कोण आहे ते पाहुण्यांना ओळखताच आलं नाही तर त्या छताचा उपयोग काय? अर्धे चेहरे धुरात बुडवणं श्युमेगच्या गोठ्यात शोभतं, वंशावळीत नाही.

अभिरुची बदलल्यावर काय होतं याचा अनुभव त्याला आला होता. वात्सच्या नव्या, अभिजात वळणाच्या कॅथेड्रलमध्ये त्याने मुख्य वेदीमागच्या भिंतीवर येशूची आई मारिया आणि तिची नातेवाईक एलिझाबेथ यांची भेट रंगवली. बिशप मिगात्सीला ती पसंत पडली नाही आणि त्याने तिच्यापुढे सरळ भिंत बांधून घेतली. १९४४मध्ये ती भिंत काढल्यावर चित्र पुन्हा उजेडात आलं. त्याच सुमारास माद्रिदमध्ये व्हेनिसच्या त्येपोलोसारख्या दिग्गज चित्रकाराचं काय झालं? आरान्हुएसच्या चर्चसाठी त्याने काढलेली वेदीचित्रं १७७०मध्ये तो वारल्यावर लवकरच उतरवली गेली आणि तिथे अभिजात वळणाच्या मेंग्ज वगैरेंची लागली. व्हिएन्नातही अकादमीची १७७२मध्ये राज्याचा चॅन्सेलर कौनित्स याच्या आश्रयाखाली नव्याने घडी बसली आणि स्वच्छ रेषेचा आग्रह वाढला. पुढे मारिया थेरेसाचा मुलगा सम्राट योझेफ दुसरा याने शेकडो मठ बंद केले, म्हणजे भिंतींचा मालकच गेला. हंगेरीचे बिशप अजून बांधत होते, म्हणून काम तिकडे जास्त. अशा वेळी जो चित्रकार जुनंच घोटत बसतो तो तत्त्वनिष्ठ, आणि जो पन्नाशीत नवी भाषा शिकतो तो विकाऊ, हा न्याय कुठला? तरुणपणी माउलबेर्चने व्हेनिसची फॅशन उचलली तेव्हा ती प्रतिभा, आणि म्हातारपणी रोमची अभिजात फॅशन उचलली की शरणागती?

लोउका आणि स्ट्राहोव्ह ही जोडी या वादात फारशी कोणी काढत नाही, आणि मला तीच निर्णायक वाटते. १७७८मध्ये त्याने लोउकाच्या मठात ग्रंथालयाचं छत रंगवलं. विषय होता मानवजातीचा खऱ्या ज्ञानाकडे प्रवास. विषय इतका गुंतागुंतीचा की छत समजावून सांगणारी पुस्तिकाच छापावी लागली. १७८४मध्ये योझेफच्या हुकमाने मठ बंद झाला. यान लाहोफरने केलेली अक्रोडाची प्रचंड कपाटं स्ट्राहोव्हचे मठाधिपती व्हात्स्लाव्ह मायर यांनी विकत घेतली, आणि ती मावावीत म्हणून प्रागमध्ये चाललेल्या इमारतीची उंची वाढवली. कपाटं आली तसा चित्रकारही आला. १७९४मध्ये, सत्तराव्या वर्षी, एकच मदतनीस घेऊन, सहा महिन्यांत माउलबेर्चने तो विषय पुन्हा रंगवला. सहा महिने म्हणजे काय? मध्य युरोपात ओला चुना गोठला की भुसभुशीत होऊन गळून पडतो, त्यामुळे काम वसंतापासून शरदापर्यंतच. एक अख्खं छत एका हंगामात बसवलं आणि थंडीच्या आत परांची उतरली.

या छताची रचना दोन टोकांवर तोललेली आहे. एका अरुंद टोकाला मोशे, आज्ञांच्या पाट्या आणि कराराची पेटी. समोरच्या टोकाला अथेन्समध्ये ‘अज्ञात देवा’च्या वेदीपाशी उपदेश करणारा संत पॉल. मधल्या लांब कडांवर माणसाची वाटचाल: ॲरिस्टॉटल आणि अलेक्झांडर, पिंपात राहणारा तत्त्वज्ञ डायोजेनीस, आणि एकीकडे धर्माला आव्हान देणाऱ्या फ्रेंच विश्वकोशकारांचा पाडाव. मध्यभाग जवळजवळ रिकामा, ईश्वरी कृपा आणि मोकळं आकाश. गंमत अशी की हा मोकळा मध्य आणि कडेला दाटलेली माणसं हीच योजना त्याने चाळीस वर्षांपूर्वी पियारिस्ट चर्चमध्ये वापरली होती. तिथे कड अंधारात होती, इथे ती दिवसाच्या उजेडात आली, कारण इथे खाली पुस्तकं वाचायची होती आणि प्रत्येक तत्त्वज्ञ ओळखू यायला हवा होता. सांगाडा तोच, वाचनालयाला साजेसा चष्मा चढवलेला. ऱ्हास झालेला माणूस सत्तरीत एका हंगामात एवढी आकृत्यांची गर्दी दोन टोकांत बांधून दाखवत नाही.

यावर कोणी विचारेल, की मग त्याचं स्वतःचं मत काय होतं? १७८५मध्ये त्याने योझेफच्या धर्मसहिष्णुतेच्या धोरणाचा गौरव करणारं रूपकात्मक एचिंग केलं, आणि नऊ वर्षांनी मठाच्या छतावर विश्वकोशकारांना खाली ढकललं. श्युमेगमध्ये त्याचा आश्रयदाता मार्टोन बिरो हा बिशप तर प्रॉटेस्टंटांचा कडवा विरोधक. ही विसंगती मला झाकायची नाही. छतांचे कार्यक्रम, म्हणजे कुठले प्रसंग आणि कुठली माणसं काढायची याची यादी, मठाधिपती आणि बिशप ठरवत, चित्रकार नाही. तेवढ्यापुरता तो मजुरीवरचा माणूस होता. पण कार्यक्रमाच्या कागदावर ‘डायोजेनीस’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याचं पिंप कडेला कसं कलंडून ठेवायचं, कोणाच्या खांद्यावर उजेड पाडायचा, कुठला घोळका सावलीत सोडून डोळ्याला विश्रांती द्यायची, हे कुठलाही मठाधिपती लिहून देऊ शकत नाही. माउलबेर्चला शोधायचं तर तिथे, त्याच्या कथित बंडखोरीत नाही.

अडचण एवढीच, की ते बघायला उभं राहायचं कुठे? पोत्सोचा दिवा जिथे ठेवला असता ती जागा दालनाच्या मध्यावर आहे. स्ट्राहोव्हमध्ये माणसांच्या श्वासाने दमटपणा वाढून छताला आणि पुस्तकांना धोका होतो, म्हणून एरवी पर्यटकांना दालनात सोडत नाहीत. दारात दोरी असते. त्या उंबऱ्यावरून छत तिरपं दिसतं, जवळच्या कडेच्या आकृत्या ताणल्यासारख्या, पलीकडच्या चेपलेल्या. बहुतेक लोक तिथूनच फोटो काढतात, आणि त्या फोटोंत सत्तरीतला तो संयत माउलबेर्चही चांगलाच एक्स्प्रेशनिस्ट दिसतो.